पिशवीतली मुळं

मे महिना संपत आला की कोकणातल्या रोपवाटिकांत गर्दी सुरू होते. पाऊस तोंडावर आलेला असतो, खड्डे खणून तयार असतात, आणि टेम्पो रस्त्याकडेला लावून माणसं काळ्या पिशव्यांच्या रांगांमधून फिरत असतात. बहुतेकांची नजर वर असते. उंच कलम कोणतं, फांद्या कुणाला जास्त, पानं कुणाची हिरवीगार, एवढंच पाहिलं जातं. एखाद्या कलमाला पिशवीतच कैरी धरलेली असली तर ते सगळ्यांत आधी उचललं जातं आणि त्याला पैसेही जास्त मोजले जातात.

आंब्याचं कलम नीट लागलं तर पन्नास वर्षं आणि त्याहूनही अधिक काळ फळ देतं. त्या पन्नास वर्षांचा पाया पिशवीतल्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात घातला जातो, आणि तो मातीखाली असल्यामुळे घेणाऱ्याला दिसत नाही. रांगेतलं सर्वांत उंच कलम पुष्कळदा सर्वांत जास्त काळ पिशवीत राहिलेलं असतं. पिशवी ही रोपाची मुदतीची जागा आहे. मुदतीत बाहेर पडलेलं लहान कलम मुदत उलटून गेलेल्या मोठ्या कलमाला चार-पाच वर्षांत मागे टाकतं. हे का होतं आणि त्यासाठी काय सांभाळायचं, ते या प्रकरणात पाहू.

पिशवी लागतेच कशाला?

हिमाचल प्रदेशात सफरचंदाची कलमं हिवाळ्यात उघड्या मुळांनी लावतात. रोप वाफ्यातून उपटायचं, मुळांवरची माती झटकायची, ओल्या गोणपाटात गुंडाळायचं आणि दुसऱ्या डोंगरावर नेऊन लावायचं. हे जमतं, कारण त्या दिवसांत सफरचंदाचं झाड झोपलेलं असतं. अंगावर एकही पान नसतं. पानं नाहीत म्हणजे पाण्याचा खर्च नाही. मुळं तुटली तरी वसंतात पालवी फुटेपर्यंत नवी मुळं धरायला झाडाला वेळ मिळतो.

आंबा, चिकू, फणस, कोकम ही झाडं बारमाही हिरवी. त्यांची पानं वर्षभर हवेत पाणी सोडत असतात आणि तेवढं पाणी मुळांना रोज पुरवावं लागतं. पाणी शोषण्याचं काम करतात ती मुळांच्या टोकांजवळची केसासारखी बारीक मुळं. रोप उपटलं की तीच आधी तुटतात. वर पानं तशीच आणि खाली पुरवठा बंद, अशा अवस्थेत रोप दोन दिवसांत माना टाकतं. म्हणून आपल्याकडच्या फळझाडांना स्थलांतर करायचं तर मुळांभोवतीच्या मातीसकट करावं लागतं. मातीची ही हुंडी अखंड राहावी यासाठी पिशवी, कुंडी किंवा करंडी हवी.

हजार रोपांचं जहाज

फळझाडं भांड्यात वाढवून दूर नेण्याचा इतिहासातला सर्वांत गाजलेला प्रयत्न समुद्रावर झाला. वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालण्यासाठी इंग्रजांना ताहिती बेटावरचा ब्रेडफ्रूट तिकडे न्यायचा होता. ब्रेडफ्रूट म्हणजे कोकण-गोव्यात परसात आढळणारा नीरफणस. १७८७ मध्ये विल्यम ब्लाय यांच्या हाताखाली ‘बाउंटी’ हे जहाज निघालं. जहाजावरची मोठी केबिन रोपांना देण्यात आली होती. तिथे कुंड्या घट्ट बसतील अशी भोकं पाडलेला फळ्यांचा तळ बसवला, खाली शिशाचा पत्रा अंथरला आणि झिरपलेलं गोडं पाणी गोळा होऊन पुन्हा वापरता येईल अशी सोय केली. डेव्हिड नेल्सन आणि विल्यम ब्राउन हे दोन माळी सोबत होते.

जहाज ताहितीला पोहोचलं ऑक्टोबर १७८८ मध्ये आणि तिथे पाच महिन्यांहून अधिक काळ थांबलं. बिनबियांच्या नीरफणसाची रोपं झाडाच्या मुळांना फुटणाऱ्या धुमाऱ्यांपासून करावी लागतात. धुमारे कापून कुंड्यांत लावले तरी ते मूळ धरेपर्यंत हलवता येत नाहीत. नेल्सन यांनी ती घाई केली नाही. १,०१५ रोपं कुंड्यांत रुजल्याची खात्री झाल्यावरच जहाजानं नांगर उचलला. पुढे २८ एप्रिल १७८९ रोजी जहाजावर बंड झालं आणि बंडवाल्यांनी ती सगळी रोपं समुद्रात फेकून दिली. ब्लाय हार मानणारे नव्हते. १७९१ मध्ये ते ‘प्रॉव्हिडन्स’ जहाज घेऊन पुन्हा निघाले, आणि १७९३ मध्ये नीरफणसाची रोपं सेंट व्हिन्सेंट आणि जमैका बेटांवर उतरली. तिथे ती रुजली आणि आज नीरफणस तिथल्या रोजच्या जेवणात आहे.

या मोहिमेमागचा हेतू क्रूर होता, हे विसरता येत नाही. रोपांच्या बाबतीत मात्र नेल्सन यांनी पाळलेला नियम आजही तसाच लागू आहे: मूळ धरल्याशिवाय रोपानं जागा सोडायची नाही. आजच्या रोपवाटिकांत बिघडतं ते नेमकं उलट दिशेनं. तिथे मूळ धरून झाल्यावरही रोप महिनोन् महिने हलत नाही.

माचावरच्या कुंडीपासून काळ्या पिशवीपर्यंत

कोकणात पूर्वी आंब्याचं भेट कलम होत असे. वर्षभराचं रायवळ आंब्याचं रोप मातीच्या कुंडीत वाढवायचं, हापूसच्या झाडाभोवती बांबूचा माच बांधून ती कुंडी फांदीच्या उंचीला न्यायची, फांदी आणि रोप दोन्हींची साल तासून एकमेकांना भिडवायची आणि केळीच्या सोपानं घट्ट बांधायची. जोड सांधेपर्यंत दोन-तीन महिने माचावर चढून पाणी घालायचं. कुंड्या जड, फुटणाऱ्या. आणि एका झाडावर माच बांधून कलमं व्हायची तरी किती!

हे चित्र कोय कलमानं बदललं. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झालं. तिथल्या शास्त्रज्ञांनी ही पद्धत बसवून ती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवली. १९९० पासून राज्य सरकारनं रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड दिली, तेव्हा लाखो कलमांची मागणी आली. ती पुरी करणं शक्य झालं ते कोय कलम आणि पॉलिथिनची काळी पिशवी या जोडीमुळे.

कोय कलम बांधताना जवळून पाहावं. जून-जुलैचे दिवस, हवेत ओल भरलेली. ताज्या कोयी गादीवाफ्यावर रुजत घातलेल्या असतात. आंब्याची कोय साठवून चालत नाही; काही आठवड्यांत तिची रुजण्याची ताकद जाते. दोन आठवड्यांचं रोप झालं की त्याची पानं अजून तांबूस आणि दांडा काडीसारखा कोवळा असतो. कलम बांधणारा ते कोयीसकट अलगद काढतो. कोयीच्या वर सात-आठ सेंटिमीटरवर शेंडा उडवतो आणि उरलेल्या दांड्याला मधोमध उभी चीर देतो. शेजारी हापूसच्या कलमकाड्या असतात. तीन-चार महिन्यांच्या, तेवढ्याच जाडीच्या. आठ-दहा दिवस आधीच झाडावर पानं छाटून ठेवल्यामुळे डोळे फुगलेल्या. काडीचं बूड दोन्ही बाजूंनी तासून पाचर केली जाते. पाचरीचे दोन्ही काप एकेका झटक्यात, सपाट झाले पाहिजेत. पाचर चिरेत बसली की प्लॅस्टिकची पट्टी खालून वर गुंडाळली जाते. सरावलेला माणूस हे सगळं करतो तेव्हा त्याच्या हाताकडे पाहत राहावंसं वाटतं.

पुढची पायरी कुणाच्या फारशा नजरेत भरत नाही. बांधलेलं कलम पिशवीत लावायचं असतं. रोप वर वीतभर दिसलं तरी त्याचं सोटमूळ पिशवीच्या खोलीपेक्षा लांब गेलेलं असू शकतं. कामाच्या घाईत ते मूळ दुमडून पिशवीत कोंबलं जातं. वर कलम सरळ उभं राहतं आणि खाली मुळाचा गळ झालेला असतो. तो आयुष्यभर सरळ होत नाही. लांबलेलं सोटमूळ धारदार कात्रीनं आखूड करून सरळ सोडलं तर काही बिघडत नाही. कापाच्या वरून बाजूची मुळं फुटतात. कापलेलं मूळ भरून निघतं, दुमडलेलं निघत नाही.

पिशवीच्या तळाशी काय चालतं

मूळ वाढतं ते टोकाकडून. टोक जोमदार असेपर्यंत ते मागच्या बाजूला फांद्या फारशा फुटू देत नाही. पिशवीत सोटमूळ काही आठवड्यांत तळाला पोहोचतं. तिथे प्लॅस्टिक लागलं की वळतं, आणि कडेकडेनं चालू लागतं. बाजूची मुळंही पिशवीच्या भिंतीला भिडली की तिच्याच कडेनं फिरतात. वर्षभरात तळाशी एक वेटोळं तयार होतं, दोन वर्षांत चुंबळ होते.

मूळ कोवळं असताना हे वेटोळं निरुपद्रवी दिसतं. झाड जमिनीत गेल्यावर मात्र मुळं जाड होऊ लागतात, आणि वेटोळ्यातली मुळं एकमेकांवर दाब देतात. काही मुळं बुंध्यालाच विळखा घालतात. शिवाय नवी मुळं टोकांपासूनच पुढे जात असल्यानं झाडाचा सगळा आधार त्या गुंत्याच्या एका बाजूला जातो. असं झाड पहिली काही वर्षं बरं दिसतं. मग वाढ थांबते, पानं लहान पडतात, भर पावसातही ते तहानलेलं राहतं. खत बदलून, फवारण्या करून उपयोग होत नाही, कारण दोष लागवडीच्याही आधीचा असतो. जोराच्या वाऱ्यात असं झाड बुंध्यापाशी फिरतं आणि कलंडतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या बागा आडव्या केल्या. त्या वेगापुढे निरोगी झाडंही टिकली नाहीत. पण ज्या किनाऱ्याला अशी वादळं झेलायची आहेत, तिथे नव्या झाडाची मुळं पहिल्या दिवसापासून चारही दिशांना गेलेली असणं ही चैन नव्हे.

वेटोळं टाळायचा उपाय मुळाच्या स्वभावातच आहे. मुळाचं टोक कोरड्या हवेत आलं की सुकून मरतं. टोक मेलं की मागून अनेक बारीक मुळं फुटतात. अमेरिकेतले संशोधक कार्ल व्हिटकॉम्ब यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दुधाच्या खोक्यांचे तळ काढून, ती जाळीवर ठेवून त्यांत झाडांची रोपं वाढवली. तळाला आलेलं मूळ हवेत सुकलं आणि वरची मुळं दाट झाली. आज मिळणारे उभ्या कण्यांचे, तळ उघडे असलेले रूट-ट्रेनर आणि जाळीदार कापडाच्या पिशव्या याच तत्त्वावर चालतात. कणा मुळाला गोल फिरू देत नाही, खाली वळवतो. तळाची हवा त्याचं टोक मारते.

साध्या पिशवीतही हा लाभ घेता येतो. पिशव्या थेट मातीवर ठेवल्या तर तळाच्या भोकांतून मुळं जमिनीत उतरतात. मग रोप पिशवीत असूनही जेवतं जमिनीतून, झपाट्यानं उंच होतं आणि गिऱ्हाइकाला आवडतं. विकताना पिशवी उचलली की खालची मुळं तुटतात आणि चार दिवसांत रोप मलूल होतं. म्हणून जाणते रोपवाटिकावाले पिशव्या विटांवर किंवा मांडणीवर ठेवतात. ते शक्य नसेल तर दर महिन्या-दोन महिन्यांनी प्रत्येक पिशवी उचलून जागेवरून हलवतात.

पिशवीतली माती शेतातली नव्हे

शेतातली उत्तम माती पिशवीत भरली की ती उत्तम राहीलच असं नाही. शेतात पाणी खालच्या थरांकडे ओढलं जात राहतं. पिशवीत माती तळाशी संपते, आणि तिथे पाणी अडतं. मातीच्या बारीक पोकळ्या ते धरून ठेवतात. भोकं कितीही असली तरी तळाचा काही भाग ओला राहतोच. अंघोळीचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा, आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, उंची वाढली एवढंच. उथळ पिशवीत ओल्या थराचा वाटा मोठा आणि मुळांना हवा मिळणारा भाग लहान असतो. फळझाडाला उथळ आणि रुंद भांड्यापेक्षा अरुंद पण खोल पिशवी मानवते ती यामुळे. तळाशी खडी किंवा खापऱ्या घातल्यानं निचरा सुधारतो, ही समजूतही इथेच सोडून द्यावी. खडीनं ओला थर नाहीसा होत नाही, खडीच्या वर सरकतो, आणि मुळांची जागा तेवढी कमी होते.

उपाय मातीच्या मिश्रणात आहे. पोकळ्या मोठ्या हव्यात. तांबडी माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू हे साधं मिश्रण कोकणात चालतं. भाताचा तूस किंवा काथ्याचा भुसा घातला तर पिशवी हलकी होते आणि हवा खेळते. माती अगदीच भुसभुशीत मात्र नको, कारण लावताना पिशवी फाडली की हुंडी ढासळते. शेणखत अर्धकच्चं असेल तर हुमणीची अळी त्याच्याबरोबर पिशवीत येते.

मातीतून रोगही प्रवास करतो. हा धडा विदर्भातल्या संत्र्यानं शिकवला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंदुरजनाघाट परिसरात संत्र्याच्या पन्हेरीचा मोठा व्यवसाय आहे. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचा आणि वाफ्यातून कलमं काढून द्यायची, ही जुनी रीत. फायटोफ्थोरा नावाची बुरशी अशा वाफ्याच्या मातीत असली तर कलमाच्या मुळांबरोबर ती नव्या बागेत जाते, मुळं कुजवते आणि पुढे बुंध्यातून डिंक वाहू लागतो. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेनं यासाठी पिशवीतल्या रोपांचा आग्रह धरला. उन्हाळ्यात माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली तापवायची, त्या मातीत रोपं वाढवायची आणि डोळा जमिनीपासून वीतभर उंच भरायचा, म्हणजे ओली माती कलमाच्या जोडापर्यंत पोहोचत नाही. इथे पिशवी रोगाची वाट अडवते. पण पिशवी जमिनीवर टेकवून ठेवली तर तीच वाट पुन्हा उघडते.

जागा तयार नसेल तर

पुण्या-मुंबईत राहणाऱ्या कितीतरी जणांची जमीन गावी असते. कुंपण नाही, पाण्याची सोय नाही, म्हणून लागवड एक-दोन वर्षं लांबते. तोवर रोपं गच्चीत किंवा अंगणात वाढवायची असतात. ते जमतं, पण वाट पाहणाऱ्या रोपाला पिशव्या बदलून द्याव्या लागतात.

बदलाची वेळ रोप स्वतः सांगतं. पाणी घातल्यावर ते वर साचून राहतं किंवा कडेनं लगेच निघून जातं, सकाळी भिजवलेली पिशवी संध्याकाळी हलकी लागते, पालवी थांबते. मग हुंडी बाहेर काढून पाहावी. कडेनं पांढरी मुळं दिसू लागली आहेत, पण वेटोळं झालेलं नाही, ही योग्य वेळ. वेटोळं दिसलं तर धारदार पात्यानं हुंडीच्या बाजूला तीन-चार उभे छेद द्यावेत आणि तळाची दोन-तीन सेंटिमीटरची चकती कापून टाकावी. हात कचरतो, पण इथे दया रोपाच्या मुळावर येते. छेदापाशी नवी मुळं बाहेरच्या दिशेनं फुटतात. त्यानंतर काही दिवस रोप सावलीत ठेवावं.

नवी पिशवी एकच माप मोठी घ्यावी. लहान रोप एकदम मोठ्या ड्रममध्ये लावलं तर मुळं न पोहोचलेली माती सतत ओली राहून आंबते. चिकूच्या बाबतीत जास्तच लक्ष द्यावं. त्याचा खुंट रायणीचा असतो आणि रायण इतकी सावकाश वाढते की कलम बांधण्याजोगी जाडी यायलाच साधारण दोन वर्षं जातात. म्हणजे विकायला येईपर्यंत चिकूच्या कलमाची मुळं पुष्कळ काळ कोंडलेली असतात. पपई याच्या दुसऱ्या टोकाला. तिचं रोप दीड-दोन महिन्यांत जमिनीत गेलं पाहिजे. पिशवीत रेंगाळलेली पपई पुढे जोम धरत नाही.

पिशवीत मोहर आला तर खुडून टाकावा. कलमकाडी फळणाऱ्या झाडाची असते, म्हणून वय वर्ष एकलाही ती फुलू शकते. त्यात कौतुकाचं काही नाही. मूठभर मुळांवर फळ पोसताना रोपाचं अन्न फळाकडे जातं आणि मुळं उपाशी राहतात. जमिनीत लावल्यावरही पहिली तीन वर्षं आंब्याचा मोहर काढावा तो याच कारणानं.

पिशवीतून खड्ड्यात

शेडनेटखालच्या रोपाची पानं पातळ आणि मोठी असतात. ती थेट उन्हात आली की करपतात. म्हणून लावणीआधी दोन-तीन आठवडे रोपं हळूहळू उघड्यावर आणावीत, पाणी थोडं ताणावं आणि नत्रखत बंद ठेवावं. तांबूस कोवळी पालवी अंगावर असताना कलम हलवू नये. पानं पक्की हिरवी झाली की त्याला प्रवास सोसतो.

आंब्यासाठी मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू देतात. मग वरची माती, पालापाचोळा, शेणखत आणि सुपर फॉस्फेट घालून भरतात. भरलेला खड्डा पहिल्या दोन-तीन चांगल्या सरींत खाली बसतो. तो बसण्याआधी कलम लावलं तर मातीबरोबर तेही खाली जातं आणि जोड गाडला जातो. म्हणून मृगाची पहिली सर आली की धावत सुटू नये. जमीन बसू द्यावी.

आदल्या संध्याकाळी पिशवी भिजवून ठेवावी, म्हणजे हुंडी घट्ट धरते. कलम बुंध्याला धरून कधीच ओढू नये. ब्लेडनं पिशवी उभी चिरावी, तळाची चकती वेटोळ्यासकट कापावी, हुंडी तळहातावर धरून खड्ड्यात ठेवावी. पिशवीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीशी राहावी, आणि जोड जमिनीच्या वर दिसला पाहिजे. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी राहिली असेल तर काढावी, नाहीतर ती बुंध्यात रुतते. जोडाखालून फुटणारा रायवळाचा धुमारा दिसताक्षणी खुडावा. राहिला तर तोच झाड होतो आणि हापूस मागे पडतो. काठी वाऱ्याच्या बाजूला रोवून कलम सैलसर बांधावं. थोडं हललेलं खोड जाड होतं, जखडलेलं बारीकच राहतं.

खड्डाही एक प्रकारची कुंडी असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर जांभ्याच्या कातळात सुरुंग लावून खड्डे करतात आणि बाहेरून माती आणून भरतात. कातळाला तडे गेलेले नसतील तर मुळं तिथेही पिशवीसारखीच फिरू लागतात आणि पावसाळ्यात पाणी तुंबतं. खड्ड्याच्या तळाशी आणि बाजूंना पहारीनं फटी काढणं म्हणून गरजेचं. काळ्या जमिनीत ओल्या मातीत फावडं चालवलं की खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत लिंपल्यासारख्या होतात. त्या कुदळीनं खरवडून घ्याव्यात.

पाऊस संपल्यावर एक धोका राहतो. पिशवीतलं मिश्रण भुसभुशीत आणि भोवतीची जमीन घट्ट असल्यानं हुंडीतलं पाणी लवकर संपतं. भोवतालची माती ओली असतानाही हुंडी कोरडी पडू शकते. ऑक्टोबरच्या उन्हात आळ्यात ओल दिसते आणि कलम सुकत जातं, ते यामुळे. म्हणून पहिलं वर्षभर पाणी बुंध्याजवळ, हुंडीवरच पडेल असं द्यावं. वर गवताचं किंवा पाचोळ्याचं आच्छादन घालावं. पाणी कमी असेल तर हुंडीच्या कडेला मातीचं मडकं पुरून ते भरत राहावं.

पिशवीवाचून

सगळीकडे पिशवीच योग्य असं नाही. कोरडवाहू भागात झाड जगतं ते सोटमूळ किती खोल गेलं यावर. बोराचं बी जागेवर पेरलं तर त्याचं मूळ पहिल्याच वर्षी कुठल्याही पिशवीच्या खोलीपलीकडे जातं. पुढच्या वर्षी त्यावर जागच्या जागी डोळा भरता येतो. आंबा, काजू, आवळा यांचीही जागेवर कलमं करता येतात. जिथे उन्हाळ्यात पाणी घालायला माणूस नाही अशा माळावर ही पद्धत बरी. तोटा एवढाच, की कलम बांधणाऱ्याला रानात जावं लागतं, रोपांना गुरांपासून जपावं लागतं आणि मोठी लागवड एकाच वर्षात उरकत नाही.

पण बहुतेक बागा यापुढेही पिशवीतूनच उभ्या राहणार आहेत. म्हणून कलम घेताना मुळं पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. बुंधा हलकेच हलवून पाहावा. मातीत तो खिळखिळा हलत असेल तर मुळं नीट पसरलेली नाहीत. तळाच्या भोकांतून पेन्सिलीएवढी जाड मुळं बाहेर आली असतील तर पिशवीची मुदत संपली आहे. शंभर कलमं घेणाऱ्यानं त्यातली एक-दोन पिशव्या फाडून दाखवायला सांगावं आणि तेवढे पैसे आनंदानं द्यावेत. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ पासून कायदा आहे. परवाना, जात आणि मातृवृक्ष यांची चौकशी आता बरेच शेतकरी करतात. त्याच्या जोडीला प्रत्येक पिशवीवर ती भरल्याचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असावं, अशी मागणी झाली पाहिजे. तारीख पाहून, मुळं पाहून कलमं उचलली जाऊ लागली की रोपवाटिकावाल्यांनाही पिशव्या विटांवर ठेवणं, सोटमूळ सरळ सोडणं आणि वेळेत विकणं परवडू लागेल. आज उंचीला जास्त पैसे मिळतात, म्हणून उंच कलमं तयार होतात. चांगल्या मुळांना पैसे मिळू लागले, तर चांगली मुळं तयार होतील.